अलाइनमेंटमधलं काही काढायचंच असेल तर गुड-ईव्हिल काढा, लॉ-केऑस राहू द्या

रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर चालवायचा खेळ, आणि अलाइनमेंट म्हणजे ते कॅरेक्टर गुड की ईव्हिल आणि लॉफुल (सुव्यवस्थेच्या बाजूचं) की केऑटिक (अनागोंदीच्या बाजूचं) हे सांगणारा शिक्का. ही अलाइनमेंट ठेवायची की काढून टाकायची हा वाद परत रंगलाय आणि नेहमीसारखाच भरकटलाय. एका बाजूचे म्हणतात नऊ चौकोनांची जाळी (दोन्ही अक्षांवर मध्ये न्यूट्रल धरून तीन गुणिले तीन) हा बालिशपणा आहे, खरी माणसं अशी चौकोनात बसत नाहीत, काढून टाका. दुसऱ्या बाजूचे म्हणतात पहिल्यापासून आहे, राहू द्या, कुणाचं काय अडतंय. मग कुणीतरी हमखास मधला मार्ग सुचवतं की गुड-ईव्हिल ठेवू, ते निदान कळतं तरी, पण लॉ-केऑस नको कारण त्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही. हे ऐकायला समजूतदार वाटतं आणि बहुतेक लोक माना डोलावतात. मला मात्र तिन्हींत हाच मार्ग सगळ्यात चुकीचा वाटतो. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे: दोनपैकी एकच अक्ष ठेवायचा असेल तर लॉ-केऑसचा ठेवा. टेबलवर चांगली चांगली कॅरेक्टर्स एकमेकांशी ज्या प्रश्नावर खरोखर भांडू शकतात तो प्रश्न या अक्षावर आहे, गुड-ईव्हिलच्या अक्षावर बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि फक्त कोणाला मारायचं एवढंच बाकी असतं.

मुळात हे आलं कुठून ते बघा. १९७१ च्या चेनमेल या युद्धखेळाच्या नियमांत फँटसीचा जो भाग होता त्यात लॉ आणि केऑस या सैन्याच्या दोन बाजू होत्या, कोणता प्राणी कोणाच्या बाजूने लढेल एवढंच त्यावरून ठरायचं. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक या लेखकांच्या फँटसीतून उचललेली. अँडरसनकडे लॉ म्हणजे माणसांचं जग आणि केऑस म्हणजे परीलोकाचं, मूरकॉकने त्याच्या पुढे जाऊन दाखवलं की लॉ पूर्ण जिंकला तर जग गोठून मरतं आणि केऑस पूर्ण जिंकला तर काहीच टिकत नाही. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) हा रोलप्लेइंग गेम आला तेव्हा त्यात तीनच रकाने होते, लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. त्या यादीत माणूस तिन्ही रकान्यांत आहे. ऑर्क, म्हणजे फँटसीतली राक्षसी जमात, दोन रकान्यांत आहेत, न्यूट्रलमध्येही आणि केऑसमध्येही. गुड-ईव्हिलचा दुसरा अक्ष गायगॅक्सने १९७६ च्या एका लेखात जोडला आणि १९७७-७८ च्या अॅडव्हान्स्ड डीअँडडीच्या पुस्तकांत नऊ चौकोन पक्के झाले. म्हणजे लॉ-केऑस हे नंतर चिकटवलेलं शेपूट असल्यासारखं जे बोललं जातं ते चूक आहे, शेपूट असेल तर ते दुसरंच आहे. आता जुनं म्हणून चांगलं असं मी म्हणत नाहीये, जुनं म्हणून ठेवायचं असेल तर कितीतरी टाकाऊ नियमही परत आणावे लागतील. पण पहिल्या रचनेत हा कॅरेक्टरवरचा निकाल नव्हता, ती कोणत्या बाजूला उभी आहे याची खूण होती, आणि हे लक्षात घेतलं तर अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

उरलेली अर्धी व्याख्येची. लॉफुल म्हणजे सरकारचा कायदा पाळणारा आणि केऑटिक म्हणजे मनात येईल ते करणारा, या दोन समजुतींनी जेवढं नुकसान केलंय तेवढं अलाइनमेंटच्या कुठल्याच विरोधकाने केलं नसेल. पहिली समजूत घेतली तर जुलमी राजाच्या राज्यात शिरल्या शिरल्या पॅलाडिनने, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्ध्याने, त्याचे हुकूम पाळायला लागावं, आणि दुसरी घेतली तर केऑटिक कॅरेक्टर पुलावरून जाईल की पुलावरून उडी मारेल हे फासे टाकून ठरवावं. असं कोण जगतं? माझी कसोटी एका प्रश्नाची आहे: आधी घेतलेला निर्णय आत्ताच्या माणसाला बांधतो का? आधीचा निर्णय म्हणजे दिलेला शब्द, घेतलेली शपथ, पंथाचे नियम, सगळ्यांनी मिळून केलेला करार, काहीही. लॉफुल माणूस म्हणतो बांधतो, आणि तो गैरसोयीचा होतो तेव्हाच तर तो पाळण्याला अर्थ आहे. केऑटिक माणूस म्हणतो की निर्णय घेणाऱ्याला आजची परिस्थिती माहीत नव्हती, मला माहीत आहे, तेव्हा जबाबदारी माझी, कागदाची नाही. दोन्ही बाजू पूर्ण प्रामाणिक असू शकतात. दोन्ही बाजू भयंकरही होऊ शकतात.

एक प्रसंग घ्या. पार्टीने, म्हणजे प्लेयर्सच्या कॅरेक्टर्सच्या टोळीने, शत्रूचा एक गॉब्लिन टेहळ्या पकडलाय. गडात गावातले तीसेक लोक कोंडलेत आणि आत शिरायला वाट हवी आहे. पार्टीतली क्लेरिक, म्हणजे पुजारीण, आपल्या देवतेच्या नावाने शपथ घेते की वाट सांगितलीस की ताबडतोब सोडू. गॉब्लिन सांगतो, तटाखालून पाण्याची मोरी आहे, जाळी गंजलेली आहे. वाट खरी निघते. आता तो हात पुढे करतो, दोर सोडा. तेवढ्यात थीफच्या लक्षात येतं की हा सुटला की सरळ गडावर जाणार, शिंग वाजणार, आणि आपण मोरीतून डोकं वर काढू तेव्हा वरून उकळतं तेल येणार. थीफ म्हणते याला झाडाला बांधू, येताना सोडू. क्लेरिक म्हणते मी ताबडतोब म्हणाले होते. थीफ म्हणते तेव्हा तू विचार केला नव्हतास. क्लेरिक म्हणते विचार न करता दिलेला शब्दही माझाच, आणि उद्या दुसरा कुणी कैदी आपल्यावर विश्वास का ठेवेल? थीफ म्हणते उद्याच्या कैद्यासाठी आजची तीस माणसं मरू द्यायची का? इथे गुड-ईव्हिल तुम्हाला काय सांगतं? काहीही नाही. दोघीही गुड आहेत, दोघींनाही ती माणसं वाचवायची आहेत, कुणालाही गॉब्लिनचा जीव घ्यायचा नाहीये. तरी भांडण खरं आहे, आणि ते अर्धा तास चाललं तरी टेबलवर कुणी मोबाइल उघडणार नाही. लॉ-केऑस काढून टाकलं की हे भांडण होणारच नाही असं नाही, पण मग कॅरेक्टर शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर, त्याची आधीपासून कुठेही नोंद नसेल, प्लेयरने पहिल्या दिवशी आपल्या कॅरेक्टरबद्दल जो एक महत्त्वाचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता तो विचारलेलाच नसेल.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की हा स्वभावाचा प्रश्न झाला, नीतीचा नाही, कोणी शिस्तीचा असतो कोणी मोकळा, त्याला मोरल अलाइनमेंट कशाला म्हणायचं. हे मला पटत नाही. शिस्तीचा असणं म्हणजे लॉफुल असणं नव्हेच, खोली आवरलेली असण्याशी याचा काही संबंध नाही. शब्द मोडावा की नाही हा नीतिशास्त्रातला सगळ्यात जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. १७९७ साली कांट या जर्मन तत्त्वज्ञाने लिहिलं की मित्राला मारायला आलेला खुनी दारात उभा राहून मित्र कुठे आहे विचारत असला तरी खोटं बोलायचं नाही, आणि तेव्हापासून लोक त्यावर वाद घालतायत. आपल्याला तर त्यासाठी कांटपर्यंत जायचीही गरज नाही. भीष्म घ्या. तरुणपणी घेतलेली एक शपथ, गादीवर जो असेल त्याच्याशी बांधिलकी, आणि त्या शपथेपायी भर सभेत द्रौपदी उभी असताना त्याच्या तोंडून काय निघतं तर धर्माची गती सूक्ष्म आहे. तिने विचारलेला प्रश्नही नियमाचाच होता, जो आधी स्वतःलाच हरला तो मला पणाला लावू शकतो का. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर सभेतला सगळ्यात मोठा नियमवाला देऊ शकला नाही. आता समोर कृष्ण ठेवा. युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणाला आणि भीष्म आवरत नाही म्हटल्यावर चाक उचलून त्याच्यावरच धावला. भीष्माला ईव्हिल म्हणायची कुणाची छाती आहे? आणि कृष्ण लहरी आहे असं कोण म्हणेल? त्या दोघांतलं अंतर गुड-ईव्हिलच्या पट्टीने मोजताच येत नाही, आणि ते अंतर नसतं तर ती कथा इतकी वर्षं कुणी सांगितलीच नसती.

कायदा पाळणं म्हणजे लॉ ही समजूत खोडायला मला गांधींचं उदाहरण सगळ्यात चांगलं वाटतं. अलाइनमेंट चार्टचे जे मीम फिरतात त्यांच्या हिशोबाने ते केऑटिक गुड व्हायला हवेत, १९३० मध्ये दांडीला जाऊन मिठाचा कायदा उघड मोडला ना. पण कसोटी लावून बघा. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस जाळल्यावर अख्खी चळवळ जोरात असताना त्यांनी ती थांबवली, बरोबरचे मोठे मोठे नेते चिडले तरी थांबवली, कारण अहिंसा हे ठरलेलं होतं आणि ते मोडलं गेलं होतं. पुढच्याच महिन्यात अहमदाबादच्या कोर्टात उभं राहून न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्याकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली, सहा वर्षं मिळाली. आधी घेतलेला निर्णय आत्ताच्या माणसाला बांधतो हे यापेक्षा जास्त कोण जगलं असेल? सरकारचा कायदा मोडणारा माणूस मुळापासून लॉफुल असू शकतो. उलट बाजूने समुद्री चाचे बघा, प्रत्येक गेममध्ये त्यांना डोळे झाकून केऑटिक लिहितात. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा १७२० च्या आसपासचा चाचा, त्याच्या जहाजावर लेखी कलमं होती, प्रत्येकाला मत, पैसे लावून जुगार बंद, रात्री आठला दिवे बंद, लढाईत हातपाय गेला तर ठरलेली भरपाई. लुटारूच होते, वाचवण्यासारखं त्यांच्यात काही नाही, पण ते केऑटिक होते असं मी तरी लिहिणार नाही.

आता विरोधकांचं जे बरोबर आहे ते मान्य करतो आणि त्यात हातचं राखत नाही. गेमच्या पुस्तकांनी या शब्दांची खरोखर वाट लावलीये. एका आवृत्तीत लॉ म्हणजे जवळजवळ चांगुलपणाच, दुसरीत समाजव्यवस्था, तिसरीत वैयक्तिक शिस्त. डीअँडडीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत केऑटिक न्यूट्रलचं वर्णन करताना वेडे आणि भ्रमिष्ट लोक या बाजूला झुकतात असं चक्क छापलंय, आणि मग त्या वर्णनाच्या आधारावर कितीतरी प्लेयर्सनी आपल्याच पार्टीची पिशवी चोरली, राजाच्या दरबारात उगाच आग लावली आणि वर म्हणाले माझं कॅरेक्टर असंच वागेल. तिसऱ्या आवृत्तीत मंक (मठातला लढवय्या) लॉफुलच हवा आणि बार्बेरियन लॉफुल चालणारच नाही, जणू टोळीतल्या माणसाला शपथ माहीतच नसते. आणि गेम चालवणारे डीएम लोक, पॅलाडिनला मुद्दाम अशा कोपऱ्यात नेऊन उभं करणारे की दोन्हीकडून तो चुकणारच, मग पॉवर काढून घ्यायला मोकळे. हा त्रास खरा आहे, मी तो पाहिलाय, आणि त्यामुळे चांगले प्लेयर पॅलाडिन घ्यायचंच सोडून देतात.

पण यातलं काय लॉ-केऑसमुळे होतं? पार्टीची पिशवी चोरणारा प्लेयर अलाइनमेंट काढून टाकल्यावर चोरायचा थांबतो का, तो दुसरं निमित्त शोधतो, लहानपणी अनाथ होतो वगैरे. व्याख्या गोंधळलेली आहे म्हणून कल्पनाच टाकायची तर गुडचीही व्याख्या कुठल्या आवृत्तीने धड केलीये? शत्रूच्या गुहेत शिरून झोपलेल्यांना मारून सोनं उचलणारे गुड, हे पन्नास वर्षं चाललंय. आणि पॅलाडिनचा सापळा तर नीट बघण्यासारखा आहे. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नियम असा होता की पॅलाडिनने जाणूनबुजून केऑटिक कृत्य केलं तर सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या लॉफुल गुड क्लेरिककडे जाऊन कबुली द्यायची, तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं आणि परत पॅलाडिन व्हायचं. जाणूनबुजून ईव्हिल कृत्य केलं तर मात्र पॅलाडिनपण कायमचं गेलं, परत मिळणार नाही. म्हणजे ज्या नियमाने डीएमच्या हातात फाशीचा दोर दिला तो गुड-ईव्हिलचा नियम होता. लॉ-केऑसच्या बाजूला निदान परतीचा रस्ता होता, आणि तो रस्ता खेळायला किती छान आहे बघा, कबुली, शिक्षा, भरपाई, ज्याला दुखावलं त्याच्यासमोर परत उभं राहणं.

सगळ्यात गंभीर आक्षेप अख्ख्या जमातींचा. ऑर्क म्हणजे जन्मतः दुष्ट, त्यांची पोरंही दुष्ट, मारली तरी पाप नाही, हे वाचताना आज कुणालाही कसंतरी व्हायला हवं आणि होतंही. मी या मुद्द्यावर विरोधकांच्या पूर्ण बाजूने आहे. फक्त बोट चुकीच्या अक्षाकडे दाखवू नका एवढंच. एखादी जमात आधीच्या करारांना मानत नाही, प्रत्येक पिढी आपला नेता नव्याने निवडते, शपथेला हसते, असं लिहिलंत तर तुम्ही एक संस्कृती लिहिलीत, तिच्याशी बोलता येतं, तिच्याशी तह करणं अवघड का आहे हे खेळता येतं. ती ईव्हिल आहे असं लिहिलंत की बोलणं संपलं. मारायचा परवाना त्या शब्दात आहे.

लॉ-केऑस नीट न समजता काढायला गेलं की काय होतं तेही आपण बघितलंय. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत नऊचे पाच केले, लॉफुल गुड, गुड, अनअलाइन्ड, ईव्हिल, केऑटिक ईव्हिल. वरवर सोपं, पण काय गेलं बघा. केऑटिक गुड गेलं, लॉफुल ईव्हिल गेलं. राहिली ती एक सरळ रेष, एका टोकाला लॉ म्हणजे जास्तच चांगलं आणि दुसऱ्या टोकाला केऑस म्हणजे जास्तच वाईट. स्वतःच्या विवेकाने वागणारा बंडखोर कुठे गेला? आणि कागदोपत्री सगळं चोख ठेवून माणसं चिरडणारा? २०१४ ला पाचव्या आवृत्तीत नऊही परत आणावे लागले, जरी त्यांचा नियमांवर परिणाम जवळपास काही राहिला नाही. पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमने २०२३ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे सुधारून काढलेल्या पुस्तकांत, अलाइनमेंट पूर्ण काढली, त्यात डीअँडडीचे नियम वापरायच्या लायसन्सच्या भांडणाचाही भाग होता, पण तिथे काय पुढे आलं? एडिक्ट आणि अनॅथेमा, म्हणजे हे मी करणारच आणि हे मी कधीच करणार नाही अशी आधी लिहून ठेवलेली बांधिलकी. मला ही पद्धत मनापासून आवडते. आणि अलाइनमेंटचे विरोधक तिचं कौतुक करतात तेव्हा ते ज्याचं कौतुक करतायत तो लॉचाच अक्ष आहे, फक्त तपशील भरलेला.

लॉफुल ईव्हिलसाठी मी नेहमी अमेरिकेतला १८५० चा पळून गेलेल्या गुलामांचा कायदा सांगतो, कारण तो एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. पकडलेला माणूस गुलाम आहे की स्वतंत्र हे ठरवायला सरकारी कमिशनर असायचा. ज्याला पकडून आणलंय त्याला स्वतःची साक्ष द्यायची सोय नाही, ज्युरी नाही. कमिशनरने त्याला मालकाकडे पाठवायचा निर्णय दिला तर फी दहा डॉलर, सोडून दिला तर पाच, कारण म्हणे परत पाठवण्यात कागदपत्रं जास्त लागतात. त्या कमिशनरच्या चेहऱ्यावर खलनायकाचं हसू असायची गरज नव्हती, तो फॉर्म भरत होता आणि पावती देत होता. माझ्या गेममध्ये असा माणूस आणायचा तर शीटवर ईव्हिल लिहून मला काय मिळतं? प्लेयर्सना ते दोन मिनिटांत कळणारच आहे, त्यांना डोळे आहेत. उपयोगी पडतं ते लॉ. तो लाच घेणार नाही, त्याला दया दाखवून वळवता येणार नाही, पण कागदात चूक दाखवली तर तो थांबेल. त्याच्याशी कसं लढायचं हे त्यावरून ठरतं. डीअँडडीच्या विश्वात डेव्हिल आणि डीमन यांचं जे न संपणारं ब्लड वॉर आहे ते याच कारणाने इतकं चांगलं चालतं, दोघेही ईव्हिल, तरी करारावर सही घेणारा डेव्हिल आणि दिसेल ते फाडणारा डीमन एका बाजूला येऊच शकत नाहीत, आणि हुशार पार्टी त्या फटीतून निसटते.

राहिला आक्षेप की खरी माणसं मिश्र असतात, घरी एक आणि रणांगणावर एक. असतातच. म्हणूनच मी माझ्या टेबलवर शीटवर लॉफुल किंवा केऑटिक एवढा एकच शब्द लिहिलेला चालवून घेत नाही. मी दोन ओळी मागतो. तुझं कॅरेक्टर कुठला शब्द काही झालं तरी मोडणार नाही, आणि कुठला शब्द त्याने आधीच मोडलाय. पहिल्या ओळीवर बहुतेक प्लेयर पटकन लिहितात. दुसऱ्या ओळीवर पेन थांबतं, मग कुणीतरी विचारतं की भावाला दिलेला शब्द मोडला पण त्याला वाचवण्यासाठी मोडला, हे मोडलेलं धरायचं का, आणि शेजारचा प्लेयर म्हणतो धरायचंच, तर समोरचा म्हणतो अजिबात नाही, आणि पहिला फासा पडायच्या आधीच ती तीन कॅरेक्टर्स एकमेकांपासून वेगळी उभी राहिलेली असतात.